जुन्या टोपोशीट्सचा डेटाबेस करायचाय? मग ट्रेसिंग सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. भीमा खोऱ्याच्या अभ्यासासाठी एका गटाने सर्व्हे ऑफ इंडियाच्या चाळीसेक जुन्या टोपोशीट्स, म्हणजे चढउतार, ओढे, गावं दाखवणारे सविस्तर नकाशे, जमवल्यात, काही इंचवाल्या (एक इंच म्हणजे एक मैल), काही पन्नास हजारच्या (१:५०,००० स्केलच्या). आता त्या स्कॅन करून चार-पाच मुलांना ट्रेस करायला, म्हणजे स्क्रीनवर नकाशातल्या रेघा गिरवायला, बसवलं की डेटाबेस तयार होईल का, आणि हल्ली एआय आहे तर मुलांना तरी कशाला बसवायचं, असं विचारलंय.

मी वीसेक वर्षं हेच काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. ट्रेस करून तुम्हाला रेघा मिळतील, आणि रेघा भरपूर मिळाल्या की काम झाल्यासारखं वाटतं, पण सहा महिन्यांनी कोणी विचारलं की हा ओढा कुठल्या साली इथून वाहत होता आणि हे तुम्हाला कुठून कळलं, तर त्या रेघांकडे उत्तर नसतं. टोपोशीट म्हणजे एका सर्व्हे पार्टीने एका ठराविक साली त्या जमिनीवर जाऊन काय बघितलं त्याची नोंद आहे, आणि ती नोंद साल आणि शीट नंबरासकट जशीच्या तशी डेटाबेसमध्ये उतरली पाहिजे. बाकी सगळं यातूनच येतं.

तर स्कॅनरकडे जायच्या आधी चाळीसही शीट्स टेबलावर पसरा आणि फक्त मार्जिन, म्हणजे चौकटीबाहेरचा छापील मजकूर, वाचा, नकाशा बघूच नका. नंबरची पद्धत तुम्हाला माहीत असेल, ४७ म्हणजे ४ अंश बाय ४ अंशांचा मोठा चौकोन, त्याचे ए ते पी असे १६ भाग, आणि प्रत्येक भागाच्या परत १६ शीट्स, प्रत्येक १५ मिनिटं बाय १५ मिनिटं. पुणे शहर ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५ या दोन शीट्सवर येतं. गोची इथे आहे की एक इंच एक मैलवाली म्हणजे १:६३,३६० ची जुनी शीट आणि नंतरची १:५०,००० ची शीट दोन्ही १५ मिनिटांच्याच, त्यामुळे दोघींचा नंबर तोच. एका कामात मला आलेल्या फोल्डरमध्ये फाइलला नुसता शीट नंबर दिलेला होता आणि दुसऱ्या आवृत्तीच्या स्कॅनने पहिलीचा स्कॅन ओव्हरराइट झाला होता, कागद तोवर परत गेलेले, तो स्कॅन परत मिळाला नाही. म्हणून फाइलच्या नावातच शीट नंबर, स्केल, सर्व्हेचं साल आणि आवृत्तीचं साल टाका. सर्व्हेचं साल आणि छपाईचं साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा, कारण कित्येकदा सर्व्हे जुना असतो आणि नंतरच्या छपाईत फक्त मोठे रस्ते किंवा धरणं सुधारून टाकलेली असतात. ते मार्जिनमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि तेच सगळ्यात जास्त वेळा कापलं जातं, कारण स्कॅन करणारा म्हणतो कडेचं काय कामाचं. मार्जिन कापू देऊ नका.

स्कॅनिंगबद्दल फार लिहित नाही. ४०० डीपीआय, चोवीस बिट कलर, टिफ, जेपीईजी नको. ४०० डीपीआयला एक पिक्सेल साधारण ०.०६ मिलीमीटर, म्हणजे पन्नास हजारच्या शीटवर जमिनीवरचे जवळपास तीन मीटर, त्याहून बारीक जाऊन फायदा नाही कारण छापलेली रेघच ०.२ मिलीमीटरची म्हणजे जमिनीवर १० मीटर जाड असते. शक्य असेल तर फ्लॅटबेड वापरा, रोलर स्कॅनर कागद ओढतो आणि त्या दिशेने थोडं ताणलं जातं. आणि कापडावर चिकटवलेल्या घडीच्या शीट्स असतील तर नीट बघा, त्या कापून तुकडे करून तुकड्यांमध्ये घडीसाठी फट ठेवून चिकटवलेल्या असतात, तशी शीट एकच इमेज म्हणून बसवायची नाही, प्रत्येक तुकडा वेगळा कापून वेगळा बसवायचा. जास्त काम आहे पण दुसरा उपाय नाही.

आता जिओरेफरन्सिंग, म्हणजे स्कॅन खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवणं, इथे थोडं थांबावं लागेल. कागद दमट हवेत वाढतो आणि दोन्ही दिशांना सारखा वाढत नाही. पन्नास हजारची शीट उभी साधारण ५५ सेंटीमीटर असते, ती २ मिलीमीटर जरी वाढली तरी जमिनीवर १०० मीटर झाले. म्हणून चार कोपरे पकडून शीट बसवायची पद्धत सोडून द्या. १५ मिनिटांच्या शीटवर दर ५ मिनिटांना अक्षांश-रेखांशाची खूण असते, म्हणजे ४ गुणिले ४ अशा १६ जागा, १२ चौकटीवर आणि ४ आतमध्ये, त्या सोळाही घ्या. आतल्या ४ फार महत्त्वाच्या, कारण घडी पडलेली किंवा मध्ये फुगलेली शीट तिथेच पकडली जाते. साधा पॉलिनॉमियल, म्हणजे सगळ्या पॉइंट्सना मिळून एकच समीकरण, लावा आणि प्रत्येक पॉइंटचा एरर वेगवेगळा बघा. काही जण थिन प्लेट स्प्लाइन लावतात आणि आरएमएस, म्हणजे सगळ्या पॉइंट्सचा मिळून एरर, शून्य आला म्हणून खूश होतात, पण तो शून्यच येणार, ती पद्धतच प्रत्येक पॉइंटला जबरदस्तीने जागेवर नेऊन बसवते, तुम्ही एक पॉइंट चुकीचा टाइप केला असला तरी एरर शून्यच दिसेल आणि शीट त्या जागी मुरगळलेली राहील.

मग डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीचा कुठला आकार धरून मोजलेत ते. जुन्या शीट्स एव्हरेस्ट १८३० या एलिप्सॉइडवर (पृथ्वीचा गणिती आकार) आहेत, तुमचा जीपीएस आणि सॅटेलाइट इमेज डब्ल्यूजीएस ८४ वर. शीटवर छापलेले अक्षांश-रेखांश थेट डब्ल्यूजीएस ८४ समजून टाकलेत तर पुण्याच्या आसपास सगळी शीट शंभर-सव्वाशे मीटर सरकते, सगळी एकाच दिशेला. ही चूक मी इतक्या ठिकाणी बघितलीय की आता कोणाचाही डेटा आला की आधी तेच तपासतो. आणि मग त्यावर लोक काय करतात तर सॅटेलाइट इमेज बघून शीट हाताने ढकलून बसवतात, एका शीटला जमतं, शेजारच्या शीटला थोडं वेगळं ढकलतात, आणि चाळीस शीट्स झाल्यावर कुठलीच कड कुठल्या कडेला जुळत नाही. ढकलू नका. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये शीट आधी तिच्या स्वतःच्या डेटममध्ये बसवा आणि मग गणिताने डब्ल्यूजीएस ८४ मध्ये न्या. तिथल्या डेटमच्या यादीत तुम्हाला कल्याणपूर १८८०, १९३७, १९६२, १९७५ असे बरेच पर्याय दिसतील, हे कल्याणपूर मध्य प्रदेशात सिरोंजजवळ, भारताच्या त्रिकोणमितीय सर्व्हेचा मूळ बिंदू तिथे आहे म्हणून ते नाव. १९६२ वाला पाकिस्तानचा, तो आपल्यासाठी नाही. आपल्याकडे सुरुवात १९७५ वाल्याने करा, कोड ४१४६, आणि लगेच विश्वास ठेवू नका, जमिनीवर न हललेल्या पाच-सहा गोष्टींशी ताडून बघा. जुना दगडी रेल्वे पूल, डोंगरमाथ्यावरचं देऊळ, किल्ल्याचा बुरूज, असलं काहीतरी. नद्यांचे संगम घेऊ नका, ते सरकतात. हा फरक सगळ्या शीट्सवर साधारण सारखा आणि कमी आला तर ठीक, एकाच शीटवर वेगळा आला तर त्या शीटचे सोळा पॉइंट परत तपासा.

साठवताना यूटीएमच्या, म्हणजे पृथ्वीचे झोन पाडून मीटरमध्ये मोजायच्या पद्धतीच्या, मोहात पडू नका. महाराष्ट्राचा बराचसा भाग ४३ झोनमध्ये आहे पण ७८ रेखांशाच्या पूर्वेचा विदर्भ ४४ मध्ये जातो, तुमचं खोरं आज एका झोनमध्ये मावतं, उद्या काम वाढलं की फाटेल. मूळ डेटा अक्षांश-रेखांशातच ठेवा, मोजमाप करताना हवं ते प्रोजेक्शन घ्या.

आता खरा विषय, टेबलं. ट्रेसिंग सुरू करायच्या आधी शीटवरच्या प्रत्येक चिन्हाचं काय करायचं हे कागदावर लिहून काढा. रंगावरून लेयर वेगळे काढू, निळं ते पाणी, तपकिरी ते काँटूर (समान उंचीच्या रेघा), काळं ते मजकूर, असं सगळ्यांना सुरुवातीला वाटतं. पण आपल्या टोपोशीटवर निळं म्हणजे पाणी असलेलं, कोरडे ओढे-नाले काळ्या रेघेने दाखवलेले असतात. दख्खनच्या पठारावर बहुतेक ओढे पावसाळ्यानंतर कोरडे, म्हणजे तुमच्या खोऱ्याचं जवळपास सगळं ओढ्यांचं जाळं गावांच्या नावांबरोबर छपाईच्या काळ्या प्लेटमध्ये आहे. रंगाने वेगळं केलंत तर भीमा मिळेल आणि तिला येऊन मिळणारे शेकडो ओढे गायब होतील. आणि ते काळं-निळं असणं हीच एक माहिती आहे, त्या सर्व्हेच्या वेळी पाणी कुठपर्यंत होतं ते त्यातून कळतं, म्हणून ओढ्याच्या टेबलमध्ये बारमाही की कोरडा हा कॉलम पाहिजेच.

दुसरी गोष्ट एकदम बारीक. ओढ्याच्या काठाला, तलावाच्या बांधाला छोटे आकडे असतात, ३, ४, ६ असे, आणि पुढे छोटा इंग्रजी आर. तो आर म्हणजे रिलेटिव्ह, म्हणजे तो काठ किंवा बांध आजूबाजूच्या जमिनीपासून इतके मीटर उंच आहे. नवीन मुलगा तो स्पॉट हाइट, म्हणजे त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची, समजून टाकतो, आणि मग उंचीच्या मॉडेलमध्ये ५८० मीटरच्या पठारावर मध्येच ६ मीटर उंचीची विहीर खणल्यासारखी दिसते. एका शीटवर असे पन्नास-साठ आकडे सहज असतात. त्यांना वेगळं टेबल द्या, ओढ्यांची घळ किती खोल होती हे सांगणारा तो फार मोलाचा डेटा आहे, खोऱ्याच्या अभ्यासात तर जास्तच.

मजकूरही असाच. जंगलावर नुसता हिरवा रंग नसतो, वर लिहिलेलं असतं, दाट मिश्र जंगल, मुख्यतः साग, किंवा विरळ झुडपं. गावाच्या नावाखाली पोस्ट, पोलीस ठाणं, डाक बंगला यांची इंग्रजी आद्याक्षरं, कुठे आठवडी बाजाराचा वार, कुठे गाव ओसाड असल्याची नोंद. हे सगळं अक्षरशः जसं छापलंय तसं एका कॉलममध्ये आणि तुमचं आजचं वाचन दुसऱ्या कॉलममध्ये. जुन्या शीटवर पूना, किरकी, ठाणा अशी स्पेलिंग्ज असतील, ती सुधारू नका, शेजारी आजचं नाव लिहा. कोणीतरी उत्साहाने सगळी नावं दुरुस्त करून टाकतं आणि मग मूळ नाव शोधायला परत कागदाकडे जावं लागतं.

उंचीचं पण हेच. इंचवाल्या शीटवर फूट, काँटूर बहुतेक ५० फुटांनी, पन्नास हजारवर मीटर, काँटूर २० मीटरनी. छापलेला आकडा, एकक, आणि मीटरमध्ये केलेला आकडा असे तीन कॉलम ठेवा. एक सोपी चाळणी सांगतो, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, तुमच्या मीटरच्या कॉलममध्ये त्याहून मोठा आकडा दिसला तर तो फूट आहे नाहीतर चूक आहे, तिसरं काही असू शकत नाही. आणि जीपीएसने शेतात जाऊन घेतलेली उंची या उंचीशी थेट ताडू नका, शीटची उंची समुद्रसपाटीपासून असते, जीपीएसची मुळात एलिप्सॉइडपासून, आपल्याकडे दोघांत साठ मीटरहून जास्त फरक पडतो.

काँटूर ट्रेस करताना सह्याद्रीच्या कड्यांवर मशीनही हरतं आणि माणूसही. ६० अंशांच्या उतारावर २० मीटरच्या दोन काँटूरमधलं अंतर कागदावर पाव मिलीमीटरही राहत नाही, रेघा एकमेकींत मिसळतात, मग नकाशा काढणाऱ्याने तिथे कड्याचं चिन्ह काढलेलं असतं. तिथे अंदाजाने रेघा पुऱ्या करायच्या असतील तर करा पण त्या तुकड्यावर अंदाजे अशी खूण कॉलममध्ये असू द्या. दर पाचवा काँटूर जाड असतो, शंभर मीटरचा, आधी फक्त जाड काँटूर पूर्ण शीटभर काढून त्यांना आकडे द्या आणि मग मधले चार भरा, चूक खूप कमी होते.

तरी चूक होतेच. एकदा घाटमाथ्याच्या एका शीटचे काँटूर तपासायला आले होते, टेबल बघितलं, सगळे आकडे २० च्या पटीत, एकही रिकामा नाही, रेघा कुठे तुटलेल्या नाहीत, टॉपॉलॉजी (रेघांची आपसातली जोडणी) तपासणी पास. मी सवयीप्रमाणे त्यावरून उंचीचं मॉडेल बनवून हिलशेड, म्हणजे चढउताराचं ऊन-सावलीचं चित्र, लावला आणि स्क्रीनवर डोंगराच्या कुशीभोवती खंदक दिसला, कोणी जेसीबीने खणून काढावा तसा, दोन-तीन किलोमीटर लांब, डोंगराच्या वळणाबरोबर वळणारा. ६४० च्या काँटूरला ४६० टाइप झालं होतं. आकडा २० च्या पटीत बसत होता म्हणून कुठल्याच आपोआप तपासणीत सापडला नाही, सावलीत मात्र दोन सेकंदांत दिसला. तेव्हापासून आमच्याकडे हिलशेड बघितल्याशिवाय काँटूरची शीट कोणी पास करत नाही. ओढ्यांसाठीही तीच सावली वापरा, ओढ्यांचा लेयर वर टाका आणि प्रत्येक ओढा दरीच्या तळातून जातो का, काँटूरचं इंग्रजी व्ही चढाच्या बाजूला टोक करून ओढ्याला छेदतं का, रेघ ज्या दिशेला काढलीय ती उताराचीच आहे का, हे बघा. खोऱ्याचं काम आहे तर ही दिशा चुकून चालणारच नाही, एक ओढा उलटा काढला गेला तर त्याच्या वरचं सगळं पाणी हिशेबातून तुटतं.

कडा जुळवणं. दोन शेजारच्या शीट्सचा सर्व्हे दहा-वीस वर्षांच्या अंतराने झालेला असू शकतो, एका शीटवरचा रस्ता कडेवर येऊन संपतो आणि पलीकडे रस्ताच नाही. मुलं तो रस्ता ओढून पलीकडच्या पायवाटेला जोडून टाकतात. जोडू नका, त्या साली पलीकडे रस्ता दाखवलेला नाही एवढंच तुम्हाला माहीत आहे. रेघांच्या जाडीइतका, समजा १०-२० मीटरचा, फरक असेल तर तो कागदाचा फरक, तो जुळवा, त्याहून जास्त असेल तर तसाच ठेवून नोंद करा.

तुमच्या खोऱ्यात याचं सगळ्यात मोठं उदाहरण उजनी आहे. धरण १९८० चं, त्याच्या आधीच्या शीटवर भीमेच्या काठची गावं, देवळं, शेतांकडे जाणाऱ्या वाटा आहेत आणि नंतरच्या शीटवर तिथे निळं पाणी. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक बघायला जातात, ते देऊळ ज्या गावाचं होतं त्या गावाच्या वाटा आणि विहिरी तुमच्या टेबलावरच्या कागदावर आहेत. एकच गाव लेयर आणि एकच पाणी लेयर केलात तर नवीन शीट जुनीला खाऊन टाकेल. प्रत्येक रेघेला, प्रत्येक बिंदूला सर्व्हेचं साल आणि शीट नंबर हे दोन कॉलम सक्तीचे करा, रिकामे असले तर डेटाबेसने घेऊच नये असं पोस्टजीआयएस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये बंधन घाला. मग एकाच जागेची दोन सालांची दोन चित्रं सुखाने शेजारी राहतात. माझ्या मते तुमच्या अख्ख्या कामातला सगळ्यात मौल्यवान भाग हाच ठरेल, कारण आजचा भूगोल सॅटेलाइटवरून कोणीही काढेल, पाण्याखालचं गाव फक्त या कागदावर आहे.

एआयबद्दल. मी वापरतो आणि वापरा असंच सांगेन, काँटूर उचलायला आणि छापलेली नावं वाचायला आता चांगली मदत होते, स्वच्छ शीटवर बरेच तास वाचतात. पण मशीनने उचललेली रेघ आणि माणसाने तपासलेली रेघ यात फरक दिसला पाहिजे, म्हणून कोणी काढली आणि कोणी तपासली हे पण कॉलम. तो छोटा आर, काळा ओढा, कड्याजवळच्या रेघा, इथे माणूस बसवावाच लागतो.

परवानगीचं आधीच बघून घ्या. २००५ च्या नकाशा धोरणाने डिफेन्स सिरीज (संरक्षणासाठी) आणि ओपन सिरीज (सर्वांसाठी) असे दोन भाग केले, ओपन सिरीजचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवर आहेत, त्यांचे नंबरही वेगळे, ई ४३ अशा पद्धतीचे, आणि पन्नास हजारचे पीडीएफ सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरून मिळतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम बरेच सैल झाले तरी तुमच्याकडच्या एखाद्या शीटवर रिस्ट्रिक्टेड छापलेलं असेल तर ती बाजूला ठेवा आणि सर्व्हे ऑफ इंडियाला लेखी विचारा, स्कॅन करून मग विचारू नका.

शेवटचं, वेळ किती लागेल ते. चाळीसपैकी सगळ्यात अवघड शीट आधी घ्या, घाटाची, घडी पडलेली, जमलं तर इंचवाली. ती एकच शीट मार्जिनपासून हिलशेडपर्यंत पूर्ण करा, प्रत्येक लेयरला किती तास लागले ते लिहून ठेवा, आणि करताना टेबल तीन-चार वेळा बदलावं लागेल तेवढं बदलून घ्या. त्या तासांवरून बाकीच्या एकोणचाळीस शीट्सचा अंदाज काढा. तपासणीला ट्रेसिंगइतकाच वेळ धरा, आणि जो ट्रेस करतो त्यानेच ती शीट तपासायची नाही.